विस्तव राखणारी माणसं

दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्दर्न केप प्रांतात वंडरवर्क नावाची गुहा आहे. डोंगराच्या पोटात आडवी शिरलेली, सुमारे 140 मीटर खोल. तिच्या तोंडापासून 30 मीटर आत मातीच्या एका थरात जळलेल्या गवतापाल्याची राख आणि भाजलेल्या हाडांचे बारीक तुकडे मिळाले. थराचं वय सुमारे 10 लाख वर्षं. फ्रान्चेस्को बेर्ना, पॉल गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 साली हे प्रसिद्ध केलं. तेव्हापासून माणसाच्या आगीविषयी काहीही वाचायला घेतलं, की माझं मन आधी त्या 30 मीटरांशी जाऊन थांबतं. वीज झाडावर पडते, माळावर पडते. ती गुहेत शिरून, अंधारात एवढं अंतर कापून गवत पेटवत नाही. म्हणजे कुणीतरी जळतं काहीतरी हातात धरून आत गेलं असणार. चटका बसणार नाही इतकं ते अंगापासून लांब धरलं असेल, आणि विझू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसाही केला असेल.

हे शोधून काढायची पद्धतही मला फार आवडते. मातीचा ठोकळा जसाच्या तसा कापून काढायचा, त्यात रेझिन मुरवून तो दगडासारखा कडक करायचा, आणि मग घासत घासत त्याची 0.03 मिलिमीटर जाडीची पातळ चकती करायची. ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली की मातीतला कण न् कण जिथल्या तिथे दिसतो. वंडरवर्कच्या चकत्यांत राखेचे कण नाजूक कडांसकट शाबूत होते. वाऱ्याने किंवा पाण्याने वाहून आले असते तर त्या कडा झिजल्या असत्या. गुहेत वटवाघळांच्या विष्ठेचे ढीग साचतात आणि ते कधीकधी आपोआप पेटतात. तीही शक्यता तपासून बाजूला ठेवली गेली. हाडं साधारण 500 अंशांपर्यंत तापली होती. लाकडाचा कोळसा सापडला नाही. गवत, पाला, बारीक काटक्या, बस्स. चटकन पेटणारं आणि चटकन विझणारं जळण. अशी आग धरून ठेवायची तर तिच्यासमोरून हलता येत नाही.

राख हा फार दुबळा पुरावा आहे. दगडी हातकुऱ्हाड लाखो वर्षं मातीत पडून राहते. उघड्यावरची राख एका पावसाळ्यात नाहीशी होते. त्यामुळे केनियातल्या कूबी फोरासारख्या ठिकाणी 15 लाख वर्षांपूर्वीच्या मातीत लालसर भाजके डाग दिसले, तरी अभ्यासक पटकन हो म्हणत नाहीत. बुंधा आतल्या आत जळत राहिला तरी खालची माती तशीच भाजते. चीनमधल्या चौकौत्येनची गोष्ट तर सांगण्यासारखी आहे. 1920 आणि 30च्या दशकांत तिथे ‘पेकिंग मानव’ म्हटल्या जाणाऱ्या आदिमानवाची हाडं निघाली, राखेचे जाड थर निघाले, आणि माणसाची पहिली चूल म्हणून ती जागा जगभर प्रसिद्ध झाली. 1998 साली त्या थरांची नव्याने रासायनिक तपासणी झाली. ज्याला राख म्हणत होते त्यातलं बरंचसं पाण्याने आणून टाकलेला बारीक गाळ निघालं. जळकी हाडं मात्र खरी होती. तिथला वाद अजून मिटलेला नाही, आणि मला त्यात काही वावगंही वाटत नाही. इतक्या जुन्या गोष्टीविषयी माणसांनी इतकं काटेकोर असावं हे चांगलंच आहे.

लहानपणी इतिहासाच्या धड्यात चित्र असायचं: केस वाढलेला आदिमानव उकिडवा बसून दोन दगड एकमेकांवर आपटतोय, आणि मधून ठिणगी उडतेय. ‘अग्नीचा शोध’. त्या चित्राशी माझं भांडण आहे. गारेवर गार आपटून जी चमक दिसते तिने सुकं गवतही पेटत नाही. ठिणगीत धग असायला एका हातात लोहमाक्षिक, म्हणजे पायराइट हे लोखंड-गंधकाचं खनिज, तरी हवं, नाहीतर पोलाद. आपल्याकडे चकमक वापरणारी माणसंही गारगोटीबरोबर पोलादाचा तुकडा आणि कापूस बाळगायची ती त्याचसाठी. पण माझी मोठी तक्रार वेगळी आहे. त्या चित्रामुळे वाटतं की एके दिवशी एका हुशार माणसाला आग सापडली आणि तिथून सगळं सुरू झालं. आग पेटवता यायच्या आधी लाखो वर्षं माणसं आग नुसती राखत होती. तो एवढा लांबलचक काळ त्या चित्रात कुठेच नाही.

आग तर आधीपासून होतीच. आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशात पावसाच्या तोंडाशी विजा पडतात आणि मैलोन्मैल माळ पेटतो. सेनेगलमधल्या फोंगोली इथे जिल प्रुएट्झ चिंपांझींचा अभ्यास करतात. वणवा आला की तिथले चिंपांझी सैरावैरा पळत नाहीत. आग कुठल्या बाजूला सरकतेय याचा अंदाज घेत ते शांतपणे वाट बदलतात. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडचे आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत, की घारी जळती काटकी उचलतात, दूर न जळलेल्या गवतात नेऊन टाकतात, आणि धुरातून बाहेर पळणारे उंदीर-सरडे टिपतात. 2017 साली अशा पाहणाऱ्यांच्या कितीतरी नोंदी गोळा करून संशोधकांनी निबंध लिहिला. ही घार म्हणजे आपल्या शहरांवर दिवसभर घिरट्या घालणारी तीच जात. उसाचं पाचट पेटवलं की शेतावर जमणाऱ्या घारी मी पाहिल्यात. इथे त्यांनी काटकी उचललेली पाहिली नाही, पण आगीजवळ त्या बिनधास्त असतात एवढं खरं. तेव्हा वणव्याच्या मागोमाग चालत जाऊन भाजलेला सरडा, होरपळलेल्या शेंगा, तडकलेल्या बिया वेचणारे आपले पूर्वज डोळ्यांपुढे आणायला मला काहीच कष्ट पडत नाहीत. एखाद्या धुमसत्या फांदीचं गार टोक धरून ती उचलायची, एवढंच पाऊल पुढे होतं.

ते पाऊल का टाकलं असेल, याचं एक उत्तर स्वार्टक्रान्सच्या गुहेत आहे. बॉब ब्रेन यांनी दक्षिण आफ्रिकेतली ही जागा वीसहून अधिक वर्षं उकरली. जुन्या थरात त्यांना मानवपूर्व वंशातल्या एका पोराची कवटी मिळाली. कवटीला मागच्या बाजूला दोन गोल भोकं. बिबट्याचा खालचा जबडा आणून लावून पाहिला, तर त्याचे सुळे त्या दोन भोकांत नेमके बसले. बिबट्याने ते पोर डोक्याला धरून ओढत झाडावर नेलं होतं. त्याच गुहेच्या वरच्या, नंतरच्या थरात ब्रेन यांना 270 जळकी हाडं मिळाली, दहा ते पंधरा लाख वर्षांपूर्वीची. जंगली हरणाची हाडं त्यांनी स्वतः शेकोटीत भाजून पाहिली आणि रंग, चिरा, पेशींची ठेवण या हाडांशी ताडून पाहिली. जुन्नरच्या उसात रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला त्या दोन भोकांविषयी वेगळं काही सांगावं लागणार नाही. जनावर तेच आहे, भीतीही तीच. शेकोटीच्या उजेडाबाहेर डोळे चमकतात आणि पुढे यायला धजत नाहीत, हे ज्याने पहिल्यांदा अनुभवलं, तो ती शेकोटी सहजासहजी विझू देणार नव्हता.

विझू न देणं म्हणजे काय, ते मी आजीच्या चुलीपाशी पाहिलं आहे. घरात काड्यापेटी होती. तरी रात्रीची भाकरी झाली, की आजी चुलीतलं अर्धं जळलेलं लाकूड बाहेर ओढायची. त्याच्यावर पाणी मारायची नाही, नुसतं आपटून विझवायची, म्हणजे ते सकाळी पुन्हा लगेच पेट घेतं. मग निखारे एका कोपऱ्यात गोळा करायची. निखाऱ्यांची निवड असे. तुराट्यांचा विस्तव तिच्या लेखी विस्तवच नव्हता. भडकतो आणि जातो. बाभळीचा निखारा घट्ट, जड. त्याच्यावर गोवरीचा एक तुकडा, आणि वरून सगळी राख हाताने सारून थापलेली. फार थापली तर निखारा गुदमरतो, कमी थापली तर रातोरात जळून संपतो. किती थापायची ते तिच्या तळव्याला माहीत होतं. राखेतून उष्णता हळू बाहेर पडते आणि हवा जेमतेम आत जाते, एवढंच त्यामागचं शास्त्र. पहाटे ती राख बाजूला सारायची तेव्हा आत लालबुंद जीव असायचा. त्यावर चिपाडं, मग फुंकणी. ज्या घरातला विस्तव रात्रीतून गेला, त्या घरची बाई गोवरीचा तुकडा घेऊन आमच्या दारात यायची. विस्तव मागायला कुणाला संकोच नसे आणि द्यायला कुणी नाही म्हणत नसे.

आजीला हे तिच्या आईने दाखवलं होतं, त्या आईला तिच्या आईने. ही साखळी मागे मागे किती जाते याचा विचार करायला लागलं की मला गरगरतं. अंदमानातल्या लोकांना आग निर्माण करता येत नाही, पण ती राखण्यात ते फार निष्णात आहेत, अशी नोंद एडवर्ड होरेस मॅन या इंग्रज अधिकाऱ्याने 19व्या शतकाच्या उत्तरार्धात केली होती. तळ हलवताना धुमसते ओंडके बरोबर न्यायचे. ही विद्या कमी प्रतीची आहे असं मला मुळीच वाटत नाही. पाऊस, वारा, होडीचा प्रवास या सगळ्यातून विस्तव जिवंत नेणं हे ठिणगी पाडण्यापेक्षा अवघड आहे, रोजचं आहे, आणि त्यात सुट्टी नाही.

फ्रान्सच्या दॉर्दोन्य भागातल्या दोन गुहा, पेश द लाझे आणि रॉक द मार्साल, या बाबतीत चटका लावून जातात. तिथे निअँडरथल माणसं राहायची. हवामान उबदार होतं त्या काळाच्या थरांत आगीच्या खुणाच खुणा आहेत: चुलीच्या जागा, तापून तडकलेली गार, जळकी हाडं. नंतर हिमयुगाची थंडी वाढली, आणि त्या थरांत माणसांच्या वस्तीच्या खुणा तशाच भरपूर, पण आग जवळजवळ नाही. जेव्हा सर्वांत जास्त गरज, नेमकी तेव्हाच नाही. डेनिस सँडगेथ आणि हॅरोल्ड डिबल यांनी याचा अर्थ असा लावला, की त्या लोकांना आग पेटवता येत नसावी. उबदार काळात विजा जास्त, वणवे जास्त, म्हणून आग मिळायची. थंडीत ते मिळणं बंद झालं. सगळ्या अभ्यासकांना हे मान्य नाही. थंडीत झाडं कमी झाली, सरपण मिळेना, असंही म्हणता येतं. कारण कुठलंही असो, बर्फाळ वाऱ्यात गुहेत कच्चं मांस खाणारी ती कुटुंबं मला वाचल्यापासून विसरता आलेली नाहीत. त्यांच्या आजे-पणज्यांच्या वेळी इथे चूल होती, हे त्यांना कुणी सांगितलं असेल का?

आगीवर शिजवणं कधी सुरू झालं, यावर मानवशास्त्रज्ञ रिचर्ड रँगम यांचं मत बरंच गाजलं. सुमारे 19 लाख वर्षांपूर्वी होमो इरेक्टस हा आपला पूर्वज आला. त्याचे दात लहान झाले, पोटाचा घेर आटला, मेंदू वाढला, आणि हे शिजवलेल्या अन्नामुळेच शक्य झालं, असं ते म्हणतात. शिजलेलं अन्न चावायला आणि पचवायला सोपं, त्यातून शक्ती जास्त मिळते, हे खरंच आहे. जर्मनीत दीर्घकाळ कच्चंच खाणाऱ्या लोकांची पाहणी झाली, तेव्हा 45 वर्षांखालच्या सुमारे 30 टक्के बायकांची पाळी अनियमित झालेली किंवा थांबलेली आढळली. पण इतक्या मागे आगीचा भक्कम पुरावा पोचत नाही. मला रँगम यांचं म्हणणं पटावंसं वाटतं, तरी पुराव्यापुढे धावायची इच्छा नाही.

त्यापेक्षा मी मासे निवडतो. इस्रायलमध्ये जॉर्डन नदीकाठी, जुन्या हुला सरोवराच्या किनारी गेशेर बेनोत याकोव ही जागा आहे, साधारण 7 लाख 80 हजार वर्षांपूर्वीची. नामा गोरेन-इनबार यांच्या उत्खननात जळक्या बिया, जळकं लाकूड आणि गारेच्या अगदी बारीक जळक्या कपच्या मिळाल्या. कपच्या ठराविक ठिकाणी दाट होत्या. चूल दिसत नाही, पण ती कुठे होती हे कळतं. त्याच चुलींच्या जागी कार्प कुळातल्या मोठ्या माशांचे दात भरपूर मिळाले, हाडं मात्र फारच थोडी. हे आपल्या रोहू-कटल्याचंच कुळ. या माशांना दात जबड्यात नसतात, घशात असतात. 2022 साली इरित झोहार आणि सहकाऱ्यांनी त्या दातांवरच्या कडक आवरणाचे, म्हणजे एनॅमलचे, स्फटिक क्ष-किरणांनी तपासले. तापमान वाढलं की स्फटिक मोठे होतात. हे दात तापले होते, पण 500 अंशांच्या खाली. मासा आगीत पडून जळला नव्हता, बेताच्या आचेवर भाजला होता. आणि बेताची आच धरायची म्हणजे समोर बसून राहावं लागतं, हे मासे भाजणाऱ्या कुणालाही विचारावं.

दक्षिण आफ्रिकेतल्या बॉर्डर केव्हमध्ये 1 लाख 70 हजार वर्षांपूर्वीच्या राखेत लिन वॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एका कंदवर्गीय वनस्पतीचे जळून कोळसा झालेले खोडकंद मिळाले, हायपॉक्सिस नावाच्या. कच्चे खाता येतात, पण भाजले की सोलायला आणि चावायला सोपे. ते बाहेर खणले आणि गुहेत आणून भाजले. खणलं तिथेच खाऊन टाकता आलं असतं. आणले, कारण आत कुणीतरी होतं: म्हातारी माणसं, पोरं, आजारी कुणी. भाजता भाजता काही राखेत हरवले, ते आपल्या हाती लागले. हिवाळ्यात शेतात आगटी पेटवून हुरडा भाजतो, फुफाट्यात रताळी पुरतो, तेव्हा सगळे भोवती बसलेले असतात आणि भाजणारा दुसऱ्याच्या हातावर आधी घालतो. ते खोडकंद वाचताना मला तोच हात दिसला.

आगीने आणखी एक दिलं: संध्याकाळनंतरचे तास. कलाहारीतल्या जुहोआन्सी लोकांमध्ये पॉली वीसनर यांनी 1970च्या दशकात टिपून ठेवलेल्या गप्पांचा हिशोब 2014 साली मांडला. दिवसाच्या बोलण्यात 31 टक्के कामधंद्याचं, 34 टक्के तक्रारी, टीका, कुजबुज. रात्री शेकोटीभोवती मात्र 81 टक्के वेळ गोष्टी. दूरच्या नातलगांच्या, लग्नांच्या, शिकारीत घडलेल्या, भूतप्रेतांच्या. आजच्या जुहोआन्सींवरून 10 लाख वर्षांपूर्वीची माणसं ओळखता येणार नाहीत, हे वीसनर यांनाही ठाऊक आहे. पण उजेडात हात कामात असतात आणि मन भांडणात. अंधार पडला, हात रिकामे झाले, चेहरे अर्धेच दिसायला लागले, की माणूस दूरचं बोलायला लागतो, हे आपणही अनुभवतो. गावाकडे वीज गेलेल्या रात्री ज्या गोष्टी ऐकल्या, त्या दिवसा कुणी सांगितल्या नसत्या.

राखलेल्या आगीला माणसांनी पुढे देवपण दिलं, त्यात मला नवल वाटत नाही. अग्निहोत्री घराण्यांत अरणीची लाकडं एकमेकांवर घुसळून काढलेला अग्नी आयुष्यभर सांभाळायचा आणि त्याच अग्नीने त्या माणसाला शेवटचा निरोप द्यायचा, अशी रीत आहे. पारशांचा इराणशाह हा पवित्र अग्नी संजाणला प्रतिष्ठापित झाला, संकटांत जागा बदलत बदलत 1742 साली उदवाड्याला आला, आणि तिथे दिवसातून पाच वेळा त्याला लाकूड घातलं जातं. अशा पहिल्या दर्जाच्या अग्नीसाठी 16 ठिकाणांहून आग आणून शुद्ध करून एकत्र करावी लागते. कुंभाराची, सोनाराची, चितेचीही. आणि त्यात एक आग विजेने लागलेली असावी लागते. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो होतो. आकाशातून पडलेली आग शोधत जायचं आणि ती जपून घरी आणायची, हे धर्मविधीत अजून जिवंत आहे.

आणि पेटवणं? डिसेंबर 2025मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या निक ॲश्टन, रॉब डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या बार्नहॅमचा पुरावा मांडला. 4 लाख वर्षांपूर्वीची जागा. एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा 700 अंशांवर तापलेली माती, उष्णतेने फुटलेल्या गारेच्या हातकुऱ्हाडी, आणि लोहमाक्षिकाचे दोन लहान तुकडे. ते खनिज त्या भागात सहजी मिळत नाही, म्हणजे कुणीतरी मुद्दाम लांबून आणलं. याआधीचा आग पेटवल्याचा सर्वांत जुना पुरावा उत्तर फ्रान्समधला, अवघा 50 हजार वर्षांपूर्वीचा होता.

मला त्या दोन तुकड्यांत सर्वांत जास्त उत्सुकता शिकवण्याची आहे. लोहमाक्षिकाची ठिणगी मंद असते, क्षणभर टिकते. ती पकडायला तंतू सुटे केलेलं, कोरडंठाक काहीतरी खाली तयार असावं लागतं. आघात तिरका आणि ओझरता हवा. ठिणगी धरली की लगेच फुंकायचं नाही, ती आत उतरू द्यायची, मग ओंजळीत घेऊन हळू फुंकर. लांबून पाहून हे जमत नाही. कुणीतरी शेजारी बसून पोराचं मनगट धरून कोन दाखवला असणार, ओले तंतू बाजूला काढून कोरडे पुढे केले असणार, आणि पहिल्या कितीतरी ठिणग्या वाया जाताना धीर धरला असणार. त्यांना भाषा कितपत होती यावर अभ्यासक भांडतात. मला या एका कामासाठी तरी त्यांच्याकडे ‘थांब’, ‘हळू’ आणि ‘आता’ एवढे शब्द हवेतच असं वाटतं.